रिकाम्या चिमट्यातला चमचा

मी एक जुनी कमान आहे. दारावरची किंवा पुलाखालची नव्हे, मित्रांनो; त्यांना निदान येणारे-जाणारे तरी भेटतात. मी डोळे तपासण्याची कमान. सध्या एका इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि गळक्या बादल्यांच्या संगतीत भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या अंगावर एक जाड कापड टाकलेले आहे. धूळ बसू नये म्हणून टाकले, असे शिपाई सांगतो. खरे कारण मला ठाऊक आहे. एका बाईला माझ्याकडे बघवत नाही.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या कारखान्यात झाला. इस्पितळातले मोठे डॉक्टर माझे चित्र कागदावर काढून घेऊन आले होते. लेथवाल्याने तो कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि विचारले, "डॉक्टर, हे नक्की करणार काय?"

"माणसाला नजरेच्या आजूबाजूचं किती ओळखू येतं, ते मोजणार."

"अहो, त्यात मोजायचं काय? दिसतं की!"

डॉक्टरांनी टेबलावरचा पाना उचलला. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही हं." मग पाना त्यांनी उजवीकडे धरला, डावीकडे धरला, वर धरला, खाली धरला. लेथवाला दर वेळी 'पाना, पाना' म्हणत राहिला.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "चारही वेळा तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर पान्याचं चित्र वेगळ्या जागी पडलं. एकदा इकडच्या कोपऱ्यात, एकदा तिकडच्या. मग हा तोच पाना आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

लेथवाल्याने डोके खाजवले. "कोणी कशाला सांगायला हवं? मलाच कळलं."

"तेच तर! कसं कळलं, ते मला हवंय."

अशा एका प्रश्नापोटी मी जन्माला आले. लेथवाल्याने लोखंडी पट्टी वाकवून तिचे अर्धवर्तुळ केले, तिला चमक नसलेला काळा रंग दिला आणि वर मध्यापासूनच्या अंशांचे पांढरे आकडे कोरले. पट्टीवरून सरकणारी एक छोटी गाडी बसवली. त्या गाडीला चित्र धरायला चिमटा होता आणि ती ओढायला मागच्या बाजूने साखळी होती. साखळी फिरवायची मूठ तपासणाऱ्याच्या हातात. अगदी मध्यभागी एक पांढरा ठिपका आणि ठिपक्यात बारीक भोक. समोर हनुवटी टेकवायला लाकडी खोबण. माणसाने एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची आणि ठिपक्याकडे टक लावून बसायचे. मागून तपासणारा भोकातून त्याचे बुबुळ पाहणार, म्हणजे नजर चोरून हलली तर लगेच कळणार. मग चित्र कडेकडून हळूहळू मध्याकडे यायचे. ज्या आकड्यावर ते ओळखू येईल, तो आकडा लिहून घ्यायचा. मला हवे तसे फिरवता येई, त्यामुळे आडवी लावली की डावे-उजवे आणि उभी लावली की वरचे-खालचे मोजता येत असे.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. डॉक्टर रोज सकाळी स्वतःच्या हाताने माझ्या साखळीला तेल घालत. गाडी इतकी अलगद सरके की समोरच्या माणसाला ती कधी निघाली याचा पत्ता लागत नसे. चित्रे आठच होती, पण प्रत्येक तपासणीआधी डॉक्टर ती पत्त्यांसारखी पिसून घेत. त्यांनी काही खुळी चित्रेही काढली होती, जगात कुठेच नसलेल्या आकारांची. एकाला लोक 'शेपटीचा बटाटा' म्हणत. माणसाला तो बटाटा ठिपक्यापाशी दोन-चारदा दाखवायचा आणि मग अचानक कडेला न्यायचा. माणूस क्षणभर अडखळे आणि म्हणे, "अरे, हा तर मघाचाच!" कडेच्या जागी त्याने तो जन्मात पाहिलेला नसे, तरी ओळखे. डॉक्टर आनंदाने मांडीवर थाप मारत. मात्र चित्र जितके कडेला, तितकी ओळख पुसट. शेजारी आणखी दोन चित्रे लावली की गर्दीत ते हरवूनच जाई. काहीतरी आहे एवढे दिसे, काय आहे ते कळत नसे. दूरदूरचे विद्यार्थी मला पाहायला येत. मी जरा फुगले होते, हे कबूल करते.

पण डॉक्टरांचे खरे वैर होते काचबिंदूशी. मित्रांनो, हा रोग मोठा लबाड. तो दुखत नाही, खुपत नाही. नजरेचा मधला भाग शाबूत ठेवून तो आजूबाजूचे कुरतडत जातो. आणि तुम्हाला वाटेल की जिथले दिसणे गेले तिथे काळा डाग दिसत असेल. तसे नसते. तिथे काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मन स्वतःच भरून काढते. शेजारी भिंत असेल तर भिंत, जमीन असेल तर जमीन. माणसाला वाटते, आपल्याला सगळे दिसते आहे. डॉक्टर म्हणत, "रोग्याच्या 'दिसतंय की'वर कधी जाऊ नका. आपण त्याला खोटं ठरवायला बसलोय, त्याच्या भल्यासाठी."

त्यांच्या हाताखाली एक तरुण तपासनीस आली. सगळे तिला नुसते 'बाई' म्हणत. तिच्या आईचे डोळे काचबिंदूनेच गेले होते, म्हणून तिने ही नोकरी धरली होती. मुलगी कष्टाळू, पण सुरुवातीला आठ चित्रांची नावे लिहिताना तिची गाळण उडे. एक तरी हमखास सुटायचे. तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, दादाने, तिला नावांची एक ओळ जुळवून दिली. दादा क्रेन चालवत असे. तो तिला घ्यायला यायचा आणि बाकावर बसून मोठ्याने म्हणायचा:

"किटली, कात्री, टोपी, छत्री, चमचा, चावी, होडी, कुत्री. हे घे, आता विसरून दाखव!"

बाई विसरली नाही. पुढे तिला मुलगी झाली, तेव्हा मामा याच ओळीवर भाचीला घास भरवत असे. एका नावाला एक घास.

मग मोठे डॉक्टर थकले आणि निवृत्त झाले. जाताना त्यांनी बाईला दोनच गोष्टी सांगितल्या. साखळीला तेल रोज घालायचे आणि चित्रे दर वेळी पिसायची. बाईने मान हलवली. काही वर्षे तिने दोन्ही पाळल्या. पण दाराबाहेरची रांग वाढत गेली. एका सकाळी चाळीस-चाळीस माणसे, आणि तपासायला ही एकटी. पिसलेल्या चित्रांची नावे दर वेळी नव्या क्रमाने लिहायला वेळ जाई. तिने छापील तक्ता करून घेतला, नावे आधीच छापलेली, फक्त आकडा भरायचा. क्रम कोणता छापला असेल, ते सांगायला नकोच. त्या दिवसापासून चित्रे पिसणे बंद झाले. बाई डोळ्यांत तेल घालून बुबुळे पाहायची, पण माझ्या साखळीत तेल घालायला कोणाला सवड नव्हती.

साखळी कोरडी पडली आणि मला वाचा फुटली. गाडी सरकली की दर दहा अंशांना 'टक' असा आवाज येऊ लागला. बाहेर बसलेल्यांनासुद्धा तो ऐकू जाई. मला आधी लाज वाटली, मग सवय झाली. माझा चिमटाही सैल झाला होता. बाई त्यात कागदाची घडी खोचून काम भागवायची. अनोळखी रोग्यांच्या बाबतीत यात फारसे बिघडले नाही, कारण त्यांना पुढचे चित्र कोणते हे माहीत नसे.

दादा छप्पन वर्षांचा झाला. दर दोन वर्षांनी क्रेनवाल्यांना नजरेचा दाखला लागे. बाई त्याच्या मागे लागली होती, "दादा, आईचं आठव. नुसता चष्म्याचा नंबर काढून भागायचं नाही, कमानीवर बस." तो हसण्यावारी नेई. शेवटी एकदाचा आला, आणि बरोबर आपल्या जोडीदाराला घेऊन आला. हा क्रेनखाली उभा राहून हातांनी इशारे करणारा माणूस. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून नावही शिट्टीच. एकोणीस वर्षे एक वर आणि एक खाली, अशी दोघांची जोडी होती.

"बाई, याला नापास करू नका हं," शिट्टी दारातूनच म्हणाला. "याचा स्वभाव शिकण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आता नवा ड्रायव्हर कोण शिकत बसणार?"

"तू बाहेर बस आणि तोंड बंद ठेव," दादा म्हणाला.

"बरं. हाताने बोलतो." असे म्हणून शिट्टी बाकावर जाऊन बसला.

दादाने हनुवटी टेकवली. बाईने तक्ता घेतला. वरचे, उजवे, डावे झाले; प्रत्येक चित्र त्याने तिसऱ्या ठोक्यालाच ओळखले. मग तिने मला उभी करून खालची बाजू लावली आणि गाडी साठ अंशांवरून सोडली. टक, टक, टक. "किटली," दादा म्हणाला. टक, टक, टक. "कात्री." भोकातून मी आणि बाई दोघीही त्याचे बुबुळ पाहत होतो. ते ठिपक्यावरून तसूभरही हलले नाही. दादा लबाड नव्हता, मित्रांनो. हे मी शपथेवर सांगते.

टोपी झाली, छत्री झाली. बाईने पाचवे चित्र चिमट्यात खोचले, भोकाला डोळा लावला आणि मूठ फिरवली. त्याच वेळी सैल चिमट्यातून ते चित्र निसटले आणि टेबलाखाली पडले. गाडी तशीच रिकामी निघाली. टक, टक, टक.

"चमचा," दादा म्हणाला.

बाईने तीस आकडा भरला. जुने चित्र काढायला तिची बोटे गेली, चिमटा रिकामा लागला, तेव्हा आपण ते आधीच काढले असावे असे तिला वाटले. तिने चावी लावली. मला मात्र सगळे कळून चुकले. रिकाम्या चिमट्यात याला चमचा दिसला, म्हणजे किटली आणि छत्री तरी कुठे दिसली होती? त्याला खालचे काहीच दिसत नव्हते. त्याला माझी टकटक ऐकू येत होती आणि ओळ तोंडपाठ होती. तिसऱ्या ठोक्याला त्याचे मनच त्या जागी चित्र लावत होते. आणि मनाने लावलेले चित्र डोळ्यांनी पाहिल्यासारखेच वाटते. ओरडून सांगावेसे वाटले. पण मला येऊन-जाऊन एकच शब्द येत होता, टक. त्यानेच घात केला होता.

दाखल्यावर सही झाली. "सुटलो बुवा!" दादा बाहेर पडला. बाई चित्रे गोळा करू लागली, ती सातच भरली. ती वाकली. टेबलाखाली चमचा उताणा पडला होता.

तिने ते उचलले. तक्त्यावरचा तीसचा आकडा तिने बोटाने चाचपला. मग ती खिडकीशी गेली. खाली आवारात दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फाटकाकडे चालले होते. तिने खिडकीची कडी काढली. तेवढ्यात दारातून एक म्हातारी ओरडली, "अहो बाई, माझा नंबर लावताय का मी इथेच मरू?" बाईने कडी परत लावली. "नंतर पडलं असेल," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला मी एकटीच होते. मग कागदाची नवी घडी करून तिने माझ्या चिमट्यात खोचली आणि म्हातारीला आत घेतले.

चार महिने गेले. एका गोदामाच्या अंगणात लोखंडी पत्र्यांची थप्पी उतरत होती. दादाची नजर क्रेनच्या हुकावर होती, जिथे ती असायला हवी तिथेच. शिट्टी थप्पीच्या खाली होता. मागे सरताना त्याचा पाय दोरात अडकला. त्याने दोन्ही हात वर करून 'थांब' केले, गळ्यातली शिट्टी वाजवली, पण शेजारी पत्रे कापायचे यंत्र चालू होते. दादाला खाली मोकळी, स्वच्छ जमीन दिसत होती. त्याने थप्पी सावकाश, नेहमीसारखी बेताने खाली टेकवली.

शिट्टी जागच्या जागी गेला.

चौकशीवाल्यांनी दादाला पुन्हा डोळे तपासायला धाडले. माझ्यावर काम करता येणारी बाई एकटीच होती. त्या सकाळी तिने कित्येक वर्षांनी माझ्या साखळीत तेल घातले. थेंब थेंब, अगदी डॉक्टर घालत तसे. मग चित्रे पिसली. ती तिच्या हातून पुन्हा पुन्हा खाली पडत होती.

दादाने हनुवटी टेकवली. दाढी वाढली होती. बाईने मला उभी केली आणि गाडी खालून वर आणली. मी चकार शब्द काढला नाही.

"सुरू केलंस का गं?" दादाने विचारले.

"केलंय, दादा."

"मग येऊ दे की चित्र."

चित्र आले होते. तीसवर आले, वीसवर आले, ठिपक्यापासून अवघ्या दहा अंशांवर येऊन थांबले. हातभर अंतरावर होडी उभी होती आणि तो शांतपणे वाट पाहत होता.

"किटली का?" तो शेवटी म्हणाला. त्याने नजर खाली वळवली आणि होडी पाहिली. ती किती वेळ तिथे असेल, हे त्याला कळायला थोडा अवधी लागला.

"छोटे," तो म्हणाला, "तो पण असाच उभा होता का? इतक्या समोर?"

"हो, दादा."

"हात वर करून?"

तिने मान हलवली. मग दादाने तिला तो प्रश्न विचारला, ज्याची मला चार महिने भीती वाटत होती. "पण मागच्या वेळी तर मी सगळी सांगितली होती. बरोबर होती ना? ती कशी दिसली मला?"

मित्रांनो, सांगायला हीच वेळ होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिचे ओठ उघडले. तिने मांडीवरची चित्रे गच्च धरली.

"तेव्हा दिसत होतं, दादा," ती म्हणाली. "नंतर गेलं असणार. काचबिंदू जातो कधी कधी भराभर."

"चार महिन्यांत?" दादा खुर्चीत मागे टेकला. "चार महिन्यांत एवढं गेलं आणि मला पत्ता नाही? माझे डोळे ना हे? दुसऱ्या कोणाला कळणार होतं? शिट्टीच्या बायकोला काय सांगू मी, माझं लक्ष नव्हतं म्हणून?" तो तोंडावर हात घेऊन रडू लागला. बाईने त्याला जवळ घेतले. खरे मात्र तिने सांगितले नाही.

चौकशीत कोणाला काही सापडले नाही. दाखला नियमाप्रमाणे होता, तक्ता पूर्ण भरलेला होता, सही होती. पुढे इस्पितळात दिव्यांचे नवे यंत्र आले. त्यात ठिपके कुठेही, कसेही लुकलुकतात, कोणाला पाठ करता येत नाहीत. मला इथे आणून ठेवले. बाई स्वतः कापड घेऊन आली होती. मला झाकण्याआधी तिने दार लावून घेतले आणि माझ्याशी बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती म्हणाली, दादाचे आता बरेचसे दिसणे गेले आहे. तिचा हात धरून तो रोज सकाळी शिट्टीच्या घरी जातो. शिट्टीची बायको दार उघडत नाही. तो पायरीवर अर्धा तास बसतो आणि परत येतो. वाटेत तो बाईला म्हणतो, "तू होतीस म्हणून, छोटे. तू मागे लागून कमानीवर बसवलंस, म्हणून निदान तोवर तरी निभावलं. तुझे उपकार कसे फेडू?" हे सांगताना ती माझ्या लाकडी खोबणीवर कपाळ टेकून बसली होती. "रोज म्हणतो," ती म्हणाली. "रोज." मग तिने डोळे पुसले, कापड टाकले आणि दिवा बंद करून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, तेल घाला, फेकू नका. मी तसे मागणार नाही. मला गंज लागू द्या, त्यातच मला बरे वाटेल. माझी विनवणी वेगळी आहे. मोठेपणी तुमच्या हातून तपासायचे, मोजायचे, सही करायचे काम होईल. कधीतरी काम संपल्यावर जमिनीवर काहीतरी पडलेले सापडेल आणि 'नंतर पडले असेल' असे म्हणावेसे वाटेल. रांग मोठी असेल, माणूस जिवाभावाचा असेल, तुम्ही दमलेले असाल. तेव्हा खिडकी उघडा आणि जिवाच्या आकांताने त्याला हाक मारा. तो अजून फार लांब गेलेला नसतो.